कवटी क्रमांक ७ आणि वयाचा रकाना : प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

आज विभागातलं प्राण्यांच्या जुन्या कवट्यांचं कपाट उघडलं; दातांवरून त्यांची वयं ठरवायची आहेत. डांबरगोळ्यांचा वास, जुन्या व्हार्निशचा वास, आणि तळाच्या फळीवर मुंबईच्या पहिल्या पावसाची ओल. विभागातल्या मामांनी एकेक कवटी सुती फडक्यावर काढून ठेवली आणि आम्ही मोजली: बिबटे ९, कोल्हे ८, उदमांजरं ३, तरस २, मुंगूस १. एकूण २३.

रजिस्टरमध्ये वयाचा रकाना आहे. त्यात १७ ठिकाणी 'ॲडल्ट', ३ ठिकाणी 'ओल्ड' आणि ३ जागा कोऱ्या. बहुतेक चिठ्ठ्यांवर तारीख नाही. सातव्या क्रमांकाची चिठ्ठी अशी: 'पँथर. साष्टी. ॲडल्ट.' साष्टी म्हणजे वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंत कुठेही. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणाचं काम १९११ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून नमुन्याबरोबर जागा, तारीख, नर-मादी आणि मापं लिहायची शिस्त याच शहरात होती. आमच्या कपाटापर्यंत ती पूर्ण पोचलेली दिसत नाही.

मी दातांची डॉक्टर. दादरला दवाखाना, २८ वर्षं माणसांच्या तोंडात बघण्यात गेली. सर वन्यप्राण्यांचे पशुवैद्यक, आणि माझे जुने पेशंट. त्यांचं म्हणणं साधं होतं: "तुम्ही दाताचा एक्स-रे बघून वयाचा अंदाज सांगता ना, मग आमच्याही बघा." म्हणून दर आठवड्याला एक अर्धा दिवस यासाठी ठेवला आहे.

'ॲडल्ट' या शब्दाने माझं समाधान होत नाही. बिबट्याचं पिल्लू साधारण दीड-दोन वर्षांचं झालं की आईपासून सुटतं आणि स्वतःची जागा शोधत फिरतं. तेव्हा त्याचे सगळे दात आलेले असतात, म्हणजे तोही 'ॲडल्ट'. आणि दहा वर्षं एकाच डोंगराच्या कुशीत राहून म्हातारा झालेला नर, तोही 'ॲडल्ट'. रस्त्यावर मेलेले प्राणी पहिल्या प्रकारचे होते की दुसऱ्या, यावर त्या जंगलाबद्दल काय बोलायचं ते ठरतं. रकान्यात एकच शब्द टाकला तर हे कायमचं हरवतं.

१२ जून

माझे आजोबा बैलबाजारात जायचे तेव्हा बैलाचं नाव-गाव नंतर, आधी ओठ वर करायचे. दोनदाती, चारदाती, सहादाती, मग जुळलेला. गुरांना पुढे वरचे दात नसतात, खालचे आठ असतात. ते दुधाचे पडून जोडी-जोडीने पक्के येतात, साधारण दोन वर्षांपासून चार-साडेचार वर्षांपर्यंत. बैल जुळला की दातांवरून वय सांगणं अवघड होतं, आणि बाजारात लबाडी तिथूनच सुरू होते असं आजोबा म्हणायचे. 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' ही म्हणही याच सवयीतून आलेली. दात बघणं म्हणजे वय बघणं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

मांसाहारी प्राण्यांचं गणितही असंच आहे, फक्त त्यातला 'जुळलेला' फार लवकर येतो. बिबट्याला दुधाचे दात २६ आणि कायमचे ३०. कोल्ह्याला दुधाचे २८ आणि कायमचे ४२. कोल्ह्याचा दात-बदल घरच्या कुत्र्यासारखाच, साधारण सातव्या महिन्यापर्यंत आटोपतो. बिबट्याला वर्षभर लागतं. तोवर तोंड म्हणजे कॅलेंडर. त्यानंतरची सगळी वर्षं सरसकट 'जुळलेला'.

कोल्हा क्रमांक १५: वरच्या जबड्यात दुधाचा सुळा अजून जागेवर, त्याच्या शेजारून कायमचा अर्धा वर आलेला. दोन सुळे खांद्याला खांदा लावून. माझ्याकडे सहा-सात वर्षांची मुलं येतात, 'दाताच्या मागे दात आलाय' म्हणून आई घाबरलेली असते, तेच हे चित्र. वय: पाच ते सात महिने. रजिस्टरमध्ये याच्यापुढेही 'ॲडल्ट' लिहिलेलं आहे.

१६ जून

खाडीकडेच्या रस्त्यावर मेलेल्या दोन कोल्ह्यांची डोकी अजून साफ व्हायची आहेत. सरांचा नियम: रेबीजची प्रतिबंधक लस पूर्ण झाल्याशिवाय ताज्या डोक्याला कुणीही हात लावायचा नाही. माझी पूर्ण झाली आहे. माझ्या इंटर्नचा एक डोस बाकी, म्हणून ती फक्त जुन्या, कोरड्या कवट्यांवर काम करेल.

२३ जून

झीज. सगळ्यात सोपी, आणि सगळ्यात जास्त फसवणारी.

१९९७ मध्ये स्टँडर यांनी नामिबियातल्या बिबट्यांच्या दातांची झीज बघून वयाचे गट पाडले. ते काम चांगलं आहे, जिवंत प्राणी बेशुद्ध असताना दहा मिनिटांत तोंड बघून अंदाज सांगता येतो. पण तो तक्ता तसाच उचलून बोरिवलीला लावायचा का? झीज वयाने होते हे खरं, पण ती खाण्याने होते, हाडं फोडण्याने होते, आणि पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या गज चावतो त्यानेही होते. गजावर सुळ्याचं टोक उडालं तर तीन वर्षांचा प्राणी म्हातारा दिसू लागतो.

माणसांत मी हे रोज बघते. एकाच चाळीतल्या, एकाच वयाच्या दोन बायका. एक मशेरी लावते आणि सुपारी चघळते, तिच्या दाढांची टेकाडं सपाट झालेली, खालचं पिवळं दंतिन, म्हणजे कडक आवरणाखालचा दाताचा थर, उघडं पडलेलं. दुसरीच्या दाढा विशीतल्या वाटाव्यात अशा. झीज त्या बाईने काय चावलं ते सांगते. वय त्यात असतं, पण एकटं नसतं.

आज आणखी एक गोष्ट इंटर्नला दाखवली. जुन्या कवटीतला दात सुकून तडकतो. ती चीर उभी असते, तिच्या कडा धारदार असतात आणि आतला रंग स्वच्छ. जिवंतपणी तुटलेल्या दाताची कड गोल होते, जीभ, ओठ आणि खाणं यांनी घासून गुळगुळीत, जवळजवळ चकचकीत. बोटाचं टोक फिरवलं की कळतं. तिने डोळे मिटून सहा दातांवर बोट फिरवलं आणि सहाही बरोबर सांगितले.

क्रमांक २ च्या बिबट्याचा डावा खालचा सुळा मेणाने चिकटवलेला निघाला. तो त्या कवटीचा नाहीच, खाचेपेक्षा मूळ बारीक आहे. कुणीतरी कधीतरी कवटी 'पूर्ण' दिसावी म्हणून लावला असेल. बाजूला काढून वेगळ्या पाकिटात ठेवला.

१ जुलै

हाडांवर बुरशी. जुलैत मुंबईत चपलांवर येते, पुस्तकांवर येते, मग हाडांनी काय केलं आहे. मऊ ब्रशने कोरडी झाडली. मामांनी कपाटात साठ वॅटचा बल्ब लावून ठेवला.

८ जुलै

आज कवट्या उलट्या ठेवून तळ बघितला. मेंदूच्या खाली, मणक्याकडून पुढे येताना दोन हाडांमध्ये एक आडवी फट असते. पिल्लात तिथे कूर्चा असते, प्राणी वाढत असेपर्यंत ती राहते, वाढ पुरी झाली की हाडं एकमेकांत मिसळतात. ९ बिबट्यांपैकी ७ जणांत फट पूर्ण बुजलेली. क्रमांक ३ मध्ये नखाने चाचपता येईल इतकी उघडी. क्रमांक ५ मध्ये अर्धवट.

वरून बघायचं ते कपाळापासून मागे जाणाऱ्या दोन रेषांकडे. जबड्याचे स्नायू जिथवर चिकटतात त्यांची ही खूण. पिल्लात त्या दूर-दूर असतात, चावण्याची ताकद वाढते तशा वर सरकत जवळ येतात, आणि मोठ्या नरात मधोमध भेटून हाडाची उभी धार तयार होते. मादीत ही धार ठेंगणी राहते, म्हणून फक्त धारेवरून वय सांगू नये. तरणा नर आणि प्रौढ मादी सारखे दिसू शकतात. क्रमांक ७ ची धार माझ्या पहिल्या बोटाच्या जाडीइतकी उंच, मागे डोक्याच्या पार टोकापर्यंत गेलेली. नर, आणि पूर्ण वाढलेला. एवढं तरी नक्की.

१५ जुलै

आज एक्स-रे. लहान दातांसाठी माझा दवाखान्यातला सेन्सर आणला होता, पण बिबट्याचा सुळा त्यात मावत नाही. दिसतो तेवढाच, किंबहुना त्याहून जास्त, दात हाडाच्या आत असतो. मग विभागाच्या मशीनवर मोठी प्लेट लावून दोन्ही बाजूंचे काढले. कवट्या इमारतीबाहेर न्यायच्या नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांची नोंद आहे, आणि ते योग्यच आहे.

बघायचं काय? पेशंट ज्याला 'नस' म्हणतात ती दाताच्या पोकळीत असते. दात नवा असतो तेव्हा पोकळी मोठी आणि भिंती पातळ. नस आतून आयुष्यभर दंतिनाचे थर चढवत राहते, म्हणून पोकळी वर्षागणिक आकसते. साठीच्या पेशंटचं रूट कॅनाल करताना नळी सापडता सापडत नाही ती याचमुळे. सुळ्याच्या मानेपाशी पोकळीची रुंदी भागिले दाताची रुंदी, एवढं एक गुणोत्तर घ्यायचं. भागाकार असल्यामुळे चित्र थोडं मोठं-लहान आलं तरी बिघडत नाही. कोल्हे, खोकड, रानमांजरं यांच्यात पहिल्या वर्षातला प्राणी आणि मोठा प्राणी वेगळे काढायला ही पद्धत फार उपयोगी आहे.

क्रमांक ३, तळाची फट उघडी असलेला: ०.४१. मुळाचं टोकही अजून अर्धं उघडं. दात वर आला म्हणजे पुरा झाला असं नसतं, माणसातही वरचा सुळा अकराव्या-बाराव्या वर्षी दिसतो आणि त्याचं मूळ तेरा ते पंधराच्या दरम्यान मिटतं. क्रमांक ३ तसाच, अर्ध्या वाटेवरचा. एक ते दोन वर्षं.

क्रमांक ७, उजवा सुळा: ०.०९. पोकळी म्हणजे पेन्सिलची रेघ.

क्रमांक ७, डावा सुळा: ०.३८.

प्लेट उलटी लावली असेल म्हणून पुन्हा काढला. तेच. एकाच जबड्यात उजवीकडे पोक्त दात आणि डावीकडे पोराचा दात. सर म्हणाले, "हाही कुणी चिकटवलेला असेल." पण दात खाचेत घट्ट आहे, हाडाने धरून ठेवलेला. मेणाचा मागमूस नाही.

१६ जुलै

रात्री झोप आली नाही. पहाटे उत्तर सुचलं आणि स्वतःचाच राग आला, कारण हे मी दवाखान्यात कितीदा बघितलं आहे.

तिशीतला माणूस येतो. पुढचा एक दात काळपट, वर हिरडीवर पुटकुळी. विचारलं की सांगतो, नऊ-दहा वर्षांचा असताना सायकलवरून पडलो होतो. एक्स-रे काढला की शेजारच्या दाताची नळी बारीक, आणि या दाताची बोगद्यासारखी रुंद. कारण त्या दिवशी दाताची नस मेली. मेलेली नस थर चढवत नाही. दात जागेवर राहिला, पण त्याचं वय तिथेच थांबलं.

क्रमांक ७ चा डावा सुळा टोकाकडून तिसरा हिस्सा गेलेला आहे. हे पहिल्याच दिवशी टिपलं होतं, पण एक्स-रेशी जोडलं नव्हतं. आज भिंगाखाली धरला. कड गोल, गुळगुळीत. मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका, म्हणजे उघडी पडलेली पोकळी. आणि वर, मुळाच्या टोकापाशी, गालाच्या बाजूच्या हाडाला मसुरीच्या दाण्याएवढं भोक, कडा आत वळलेल्या. गळवाचा पू बाहेर पडायची वाट. हे भोक मेल्यानंतर होत नाही.

मग जबड्याच्या दोन्ही बाजू शेजारी-शेजारी बघितल्या. मांस कापणाऱ्या मोठ्या दाढा, कातरीच्या पात्यांसारख्या एकमेकींवर घसरणाऱ्या. उजवीकडच्या घासून चपट्या. डावीकडच्या धारदार, आणि त्यांच्या मानेभोवती दगडी कीटण, करड्या रंगाचं, जाड. जी बाजू दुखते त्या बाजूने कुणी चावत नाही, आणि ज्या बाजूने चावत नाही तिथे कीटण साठतं. माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसात आणि या बिबट्यात यात काडीचाही फरक नाही. खूप वेळ तो जबडा हातात धरून बसले होते.

म्हणजे झीजेवरून डावीकडे एक वय, उजवीकडे दुसरं. सुळ्याच्या पोकळीवरून डावीकडे एक, उजवीकडे दुसरं. चार खुणा, आणि कवटी एकाच प्राण्याची. यापूर्वी कुणी फक्त डावा सुळा एक्स-रेला घेतला असता तर 'दोन वर्षं' लिहून मोकळा झाला असता.

आणि तरी डावा सुळा निरुपयोगी नाही. तो कधी तुटला ते तो सांगतो. ०.३८ म्हणजे क्रमांक ३ च्या जवळपास, मुळाचं टोक जेमतेम मिटलेलं. तर हा दात दोन वर्षांच्या आसपास तुटला. नुकताच आईपासून सुटला असेल तेव्हा. गज चावून, हाड फोडताना की दुसऱ्या नराशी भांडताना, ते कवटी सांगत नाही. पिंजऱ्याचं खापर उगाच कुणावर फोडणार नाही.

१९ जुलै

गुस्ताफसन यांची पद्धत पुन्हा वाचली. स्वीडनचे दंतवैद्य, १९५०. अनोळखी मृतदेहाचं वय एका दातावरून काढायला त्यांनी सहा गोष्टी एकत्र घेतल्या: झीज, हिरडीचं उतरणं, आतलं दंतिन, मुळावरचं सिमेंटम, मुळाचं झिजणं आणि मुळाची पारदर्शकता. एकीवर भरवसा नाही म्हणून सहा. शिकताना हे फक्त परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

हिरडीचं उतरणं जंगली मांजरांतही वापरतात, २००० साली अमेरिकेतल्या प्युमांवर त्याचं काम झालं. जिवंत प्राण्यात सुळ्याची मान आणि हिरडी यांतलं अंतर मोजायचं. आमच्याकडे हिरडी उरलेली नाही, त्यामुळे ती वाट बंद.

उरलं सिमेंटम. मुळावर बाहेरून चढणारा हा थर दात धरून ठेवणाऱ्या तंतूंकडून येतो, नसेकडून नाही. म्हणून नस मेली तरी तो चढत राहतो. क्रमांक ७ साठी हीच खरी वाट.

२८ जुलै

आज सरांशी 'आजोबा'बद्दल बोलणं झालं. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला नर बिबट्या. माळशेज घाटात सोडताना त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा घातला, आणि तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागापर्यंत आला. नाव पडलं 'आजोबा', कारण पकडला तेव्हा तो वयस्क आणि शांत वाटला होता. २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर गाडीखाली गेला.

ज्याला लोकांनी आजोबा म्हटलं त्याने रेल्वे, रस्ते, वस्त्या ओलांडल्या, आणि पुढे अडीच वर्षं जगला. वय सांगितलं की त्यामागे अपेक्षा येतात, हा आता किती चालेल, किती शिकार करेल, पुन्हा सोडावा की नाही. म्हणून जिवंत प्राण्याच्या कागदावर वयाचा आकडा लिहिताना हात जपून चालवावा. आमचे प्राणी मेलेले आहेत, त्यांचं आता काही बिघडणार नाही. पण या कवट्यांवरून जे तक्ते बनतील ते जिवंतांना लागणार आहेत.

१९ ऑगस्ट

पाणी. लोकल बंद, जाणं झालं नाही. मामांना फोन केला, ते म्हणाले, "मॅडम, वरच्या फळीवर हलवलंय सगळं, काळजी नको." बरं वाटलं.

२५ ऑगस्ट

सिमेंटमचे थर मोजायचे तर आधी आपलं मोजणं तपासलं पाहिजे. सरांच्या खटपटीने, रीतसर परवानगीने, एका बंदिस्त बिबट्याचा पुढचा दात मिळाला. तो पिल्लू असताना आलेला आणि मेला तेव्हाचं वय कागदावर आहे: ९ वर्षं ४ महिने. ते वय फक्त सरांना माहीत, आम्हा तिघांना नाही, असं ठरवून काप वाचले. तिसऱ्या आमच्या मुखविकृतिशास्त्राच्या मॅडम, त्यांच्याच प्रयोगशाळेत काप केले.

काम असं: दात पाच टक्के नायट्रिक आम्लात ठेवायचा, रोज आम्ल बदलायचं, चुना निघून गेला की दात रबरासारखा होतो आणि सुई अडथळ्याविना आत जाते. मग वाहत्या पाण्यात धुवायचा, मेणात बसवायचा, केसापेक्षा पातळ काप काढायचे आणि हिमॅटॉक्सिलिनने रंगवायचे. सूक्ष्मदर्शकाखाली मुळाच्या टोकाजवळ फिकट रुंद पट्टे आणि त्यांच्यामध्ये गडद बारीक रेषा दिसतात. वाढ मंदावते तेव्हा गडद रेषा पडते. थंड देशांत हिवाळ्याची रेषा ठळक येते. ही विद्या सीलपासून सुरू झाली, शेफर यांनी १९५० मध्ये आणि लॉज यांनी १९५२ मध्ये सीलच्या दातांतले थर वाचले. आपल्याकडे बर्फ नाही, पण चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं असा ठळक फेरा आहे.

वाचन: मॅडम ८, मी ९, इंटर्न ११. पुन्हा, चार दिवसांनी, चिठ्ठ्या झाकून वाचायचं.

२९ ऑगस्ट

पुन्हा वाचलं: ९, ९, ९. इंटर्न पहिल्यांदा दुभंगलेल्या रेषा दोन-दोन मोजत होती. अशी रेषा पुढे सरकवून बघितली की कुठेतरी दोन्ही पाती जुळून एक होतात. तिला ते स्वतःला सापडलं, मी सांगितलं नाही.

एक मात्र लिहून ठेवते. हा प्राणी वर्षभर ठरलेल्या वेळी ठरलेलं मांस खात होता. जंगलातल्याचं तसं नसतं. एका दाताने पद्धत सिद्ध होत नाही, आमचे डोळे तपासून झाले, इतकंच.

८ सप्टेंबर

माझी चूक. गणपतीच्या आधी कोल्हा क्रमांक १२ ची उपदाढ आम्लात टाकली आणि 'दोन दिवसांत काढते' म्हणून घरी गेले. घरी गौरी-गणपती, पाहुणे, मग विसर्जन. आज बाटली उघडली तर दात जिलेबीच्या पिठासारखा. चिमट्यात धरला तर लगदा झाला. त्या कोल्ह्याचा तो दात पुन्हा मिळणार नाही, आणि लिहिलेल्या परवानगीत एकच दात होता. सरांना जाऊन सांगितलं. ते काही बोलले नाहीत, नोंदवहीत 'नमुना नष्ट' लिहायला सांगितलं आणि खाली माझी सही घेतली. यापुढे आम्लातल्या प्रत्येक बाटलीवर टाकल्याची तारीख, काढायची तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव. सुट्टी येत असेल तर टाकायचीच नाही.

१५ सप्टेंबर

क्रमांक ७ चा कुठला दात घ्यायचा यावर आज निर्णय. सुळा नाही, तो कवटीचा पुरावा आहे. वरच्या सुळ्यामागे बिबट्याला एक चिमुकली उपदाढ असते, एका मुळाची, आकाराने जवळपास नावापुरती. उजवीकडची घेतली, निरोगी बाजूची. डावीकडे गळवाच्या आसपास मूळ खाल्लं गेलं असणार, तिथे रेषा पुसल्या गेल्या असतील.

कोमट पाण्यात भिजवून, बारीक एलिव्हेटरने (दात सैल करून उचलायचं हत्यार), माणसाचा दात काढताना जपते त्याहून जास्त जपून. पाऊण तास लागला. मूळ अख्खं निघालं. मामा शेजारी उभे होते, निघाल्यावर त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

२२ सप्टेंबर

आम्लात सहावा दिवस. सुई अजून अडते. रोज मीच जाऊन बदलते आहे.

६ ऑक्टोबर

काप तयार. तिघींनी वेगवेगळं वाचलं, दोनदा. पहिली फेरी ७, ८, ७. दुसरी ७, ७, ८. मुळाच्या अगदी टोकाजवळच्या कापांत रेषा स्पष्ट, वर मानेकडे एकात एक मिसळलेल्या. टोकाकडचेच धरले.

आता रेषांवरून वर्षं. बिबट्याची पिल्लं आपल्याकडे वर्षभर कधीही जन्मतात. त्यामुळे हा दात आल्यावर पहिली रेषा काही महिन्यांतच पडली असेल किंवा जवळजवळ वर्षाने. शिवाय दात येण्याआधीचे महिने रेषांत नाहीतच. म्हणून सात-आठ रेषांचे सरळ सात-आठ वर्षं करता येत नाहीत, दोन्हीकडे जागा सोडावी लागते.

सर म्हणाले, रजिस्टरमध्ये एकच आकडा मागतात. मी म्हटलं, मग रकाना रुंद करू या. त्यांनी पट्टी घेतली आणि 'शेरा' हा शेजारचा रकाना, जो वर्षानुवर्षं रिकामाच होता, वयाच्या रकान्याला जोडून टाकला. नोंद अशी केली:

क्र. ७. बिबट्या, नर. साष्टी. वय ७ ते ९ वर्षं. आधार: उजव्या वरच्या पहिल्या उपदाढेतल्या सिमेंटमच्या रेषा (तीन वाचक, दोन फेऱ्या), उजव्या सुळ्याचं गुणोत्तर ०.०९, कवटीच्या तळाची फट पूर्ण बुजलेली. डावा वरचा सुळा वयासाठी वापरू नये: जिवंतपणी तुटलेला, नस मृत, गुणोत्तर ०.३८. दुखापत अंदाजे दुसऱ्या वर्षी. त्यानंतर किमान पाच वर्षं हयात, मुख्यतः उजव्या बाजूने खात होता.

जुना 'ॲडल्ट' खोडला नाही. त्यावर एक आडवी रेघ मारून खाली तारीख आणि सही, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही वाचता येईल.

७ ऑक्टोबर

खाडीकाठचे दोन्ही कोल्हे साफ होऊन आले. इंटर्नची लस पूर्ण झाली आहे, पहिला एक्स-रे तिनेच काढला: ०.४६, सगळे ४२ दात जागेवर. पहिलं वर्षही पुरं न झालेला. दुसऱ्याची उपदाढ आज दुपारी आम्लात टाकली. बाटलीवर लिहिलं: टाकली ७ ऑक्टोबर, पहिली सुई ९ ऑक्टोबर, आणि माझं नाव.